चवदार तळ्याचा निकाल आपण वाचला आहे काय?

महाडचा विषय निघाला की आपले वक्ते दोन तारखा सांगतात. २० मार्च १९२७ आणि २५ डिसेंबर १९२७. पहिल्या दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, दुसऱ्या दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. टाळ्या पडतात, भाषण संपते. परंतु डिसेंबरात हजारो सत्याग्रही महाडला जमले असताना ते पुन्हा तळ्यात का उतरले नाहीत, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मीही विचारला नव्हता. वकिलीची सनद घेतल्यावर त्या खटल्याचा निकाल मुळातून वाचला, तेव्हा कळले की आपण बाबासाहेबांचा जयजयकार केला, अभ्यास केला नाही.

घडले ते असे. तळे आमचेच आहे, अस्पृश्यांना तेथे जाण्याचा हक्क नाही, असे ठरवून मिळावे म्हणून महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. प्रतिवादी खुद्द बाबासाहेब. १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम निघाला. परिषदेने सत्याग्रह तहकूब केला आणि लढाई कोर्टात गेली. महाडचा निकाल ८ जून १९३१ रोजी लागला, अपिलाचा ३० जानेवारी १९३३ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजी. तिन्ही ठिकाणी वादी हरले. पहिल्या सत्याग्रहाला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते! दरम्यान गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. पण बाबासाहेबांनी तळ्याचा दावा सोडून दिला नाही.

आपण जिंकलो कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. सत्याग्रहापूर्वी अस्पृश्य त्या तळ्यावर पाणी भरत नव्हते, ही वस्तुस्थिती होती. वादींचा सारा भर 'अनादी काळापासूनच्या रूढी'वर होता. पण रूढी सांगणाऱ्यानेच ती शाबीत करायची असते. तळे चार-पाच एकरांचे, किमान अडीचशे वर्षांचे. भोवती सवर्णांची घरे उठण्यापूर्वी कोणाला तेथून अडवण्याचा प्रसंग तरी आला होता काय? कोणी येत नव्हते, एवढ्यावरून त्याला येण्याची मनाई होती असे ठरत नाही. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढे अनादी रूढी शाबीत झाली नाही. हजारो वर्षांची म्हणून मिरवलेली परंपरा पुराव्याच्या कसोटीवर टिकली नाही!

मात्र निकालाचा शेवट मला अस्वस्थ करतो. रूढी शाबीत झाली असती, तर ती गैरवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय, याचा विचार कदाचित करावा लागला असता. आता ती गरज नाही, असे सांगून न्यायालय थांबले. म्हणजे तळे खुले झाले, पण अस्पृश्यता बेकायदा ठरली नाही. दुसऱ्या एखाद्या गावात सवर्णांना भक्कम पुरावा मिळाला असता तर?

त्या प्रश्नाचे उत्तर २६ जानेवारी १९५० रोजी मिळाले. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्द स्पष्ट घातले गेले. मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते, ज्यांना एका तळ्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ प्रतिवादी म्हणून उभे राहावे लागले. निकाल वाचल्यानंतर ते शब्द मला कधीच कोरडे वाटले नाहीत.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविरुद्ध इशारा दिला होता. तो त्यांच्या अनुयायांनाही लागू आहे. चांगदेव खैरमोडे यांनी आयुष्य खर्ची घालून चरित्राचे खंड लिहिले. १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली शासनाचे खंड निघू लागले. ते आपल्या घरात, विहारात आहेत. पण अनेक ठिकाणी त्यांना फक्त हार घातला जातो. जयंतीला डीजे लावणाऱ्या तरुणांवर मी रागावत नाही. मी त्यांना एवढेच विचारतो की, दर रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास एक खंड उघडून बसाल काय? आपला महापुरुष पुराव्यानिशी लढला. त्याला पुराव्यानिशी जाणून घेणे, हे आपले कर्तव्य आहे.

जयभीम!