दापोलीचा पेन्शनर

आमच्या देवरीकडे माजी सैनिकाला लोक ‘फौजी’ म्हणतात. गावात तंटा झाला किंवा तहसील कचेरीत अर्ज द्यायचा असला की त्याला सोबत नेतात. तो लढलेला असतो म्हणून नेतात, असे मला वाटत नाही. त्याला कागद कळतो, साहेबापुढे उभे राहता येते आणि महिन्याचे पेन्शन ठरलेले असल्याने गावातल्या कोणाच्या मर्जीवर त्याची चूल अवलंबून नसते. नागपूर-रायपूर रस्त्यावरच्या या जंगलपट्टीत फौजेची परंपरा विरळ आहे. कोकणात ती जुनी. म्हणून या ‘फौजी’चा मूळपुरुष शोधताना मी गोंदियातून थेट दापोलीला पोहोचलो, गोपाळबाबा वलंगकरांपाशी.

गोपाळबाबा महाडजवळच्या रावढळचे, जातीने महार. लष्करात हवालदार झाले, १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. पुढच्या चौदा वर्षांत, म्हणजे १९०० मध्ये निधन होईपर्यंत, त्यांनी जे सार्वजनिक काम केले ते आजही दोन-चार ओळींत उरकले जाते. ‘अस्पृश्यांचे आद्य पुढारी’ एवढे म्हणून आपण पुढे जातो. मला त्यांच्या पुढारीपणापेक्षा तो शक्य कशामुळे झाला याचे कुतूहल अधिक आहे.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ जोडलेली नावे आजही वाचता येतात. पण फौजेने बंदुकीइतकेच महत्त्वाचे आणखी काही दिले, ते म्हणजे पलटणीतली शाळा. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, तिथे शिकवले जाई. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि पेन्शनीनंतर तेही काही काळ दापोलीत राहिले. गावच्या शाळेच्या ओट्याखालीही ज्यांना बसू देत नसत, त्यांच्या घरात अशा रीतीने अक्षर आले.

दुसरी गोष्ट पेन्शनची. गावच्या महाराला हद्द दाखवणे, निरोप पोचवणे, सरकारी माणसाची सरबराई करणे आणि मेलेले जनावर ओढणे हे सारे करावे लागे. मोबदला बलुत्याचा, तोही गावाने दिला तर. ज्याचे पैसे सरकारी खजिन्यातून येत, त्याला गाव उपाशी ठेवू शकत नसे. सुधारकांच्या चरित्रांत आपण विचारांचा उगम शोधतो. पोटाचा बंदोबस्त कुठून झाला, हे क्वचितच विचारतो.

विचारांचा उगम अर्थात होताच, आणि तो जोतीराव फुल्यांकडचा. गोपाळबाबा ‘दीनबंधू’त, ‘सुधारक’मध्ये लिहीत. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले. त्यात सव्वीस प्रश्न आहेत, आणि ते प्रतिष्ठित वर्णहिंदूंना विचारलेले आहेत. हवालदाराने वरिष्ठाकडे खुलासा मागावा तसा हा प्रकार. प्रवचनही नाही, शिवीगाळही नाही. उत्तर देण्याची जबाबदारी मात्र समोरच्यावर.

त्यानंतर पायाखालची जमीनच सरकली. १८५७ नंतर लष्करात जातवार भरतीचा विचार बळावत गेला. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांना रशियाची धास्ती होती. पंजाबी, पठाण, गुरखे हेच खरे लढवय्ये, या मताचा तेव्हा अंमल होता. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. म्हणजे शाळा गेली, पेन्शन गेले. बापामागून मुलाने हवालदार होण्याची वाट गेली.

दापोलीत गोपाळबाबांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापन केली होती. तिच्या वतीने १८९४ मध्ये त्यांनी सरसेनापतींना उद्देशून अर्ज तयार केला. हा अर्ज मला त्यांच्या साऱ्या लेखनात सर्वांत विलक्षण वाटतो. मंडळीच्या नावात ‘अनार्य’ आहे, फुल्यांच्या मांडणीतला. अर्जात मात्र दावा असा की आम्ही मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात जगण्यासाठी मिळेल ते खाल्ले म्हणून खाली ढकलले गेलो. काहींना यात विसंगती दिसते. मला त्यात अर्ज लिहिण्याची जाण दिसते. समोरच्या कचेरीला ‘लढवय्या वंश’ एवढीच भाषा समजत असेल, तर अर्जदार त्याच भाषेत बोलणार. किंमत मात्र मोठी होती. ज्या उतरंडीवर सव्वीस प्रश्न विचारले, तिच्यातलीच एक पायरी मागावी लागली.

भरती उघडली नाही. पण पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्याच सरकारने गोपाळबाबांना महाड तालुका लोकल बोर्डावर सभासद नेमले. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने ही बोर्डे आली होती. रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळा हे त्यांचे विषय. आता ही यादी पुन्हा वाचावी: ज्या विहिरीला हात लावता येत नाही आणि ज्या धर्मशाळेत उतरता येत नाही, तिच्या खर्चावर मत देण्याचा अधिकार एका महाराला मिळाला होता. वरिष्ठ जातींच्या सभासदांनी निषेध केला. त्यांच्या शेजारी त्याने बसणे हाच आक्षेप होता. तो काय बोलेल हा प्रश्न पुढचा.

आमच्या विदर्भात हीच चळवळ वेगळ्या वाटेने आली. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, रेल्वे आली आणि विणकर महारांना गावाबाहेरची मजुरी मिळू लागली. इथे पेन्शनचे काम गिरणीच्या पगाराने केले. मात्र गिरणी कामगाराला सरकारकडे ‘मी तुमच्यासाठी लढलो’ असे सांगता येत नाही, आणि ते सांगता येण्याचे वजन कोकणच्या पेन्शनरांना पुरेपूर ठाऊक होते.

मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली तेव्हा आसपासच्या गावांतले असे पेन्शनर तिथे हजर होते. बाबासाहेबांनी भाषणात त्या भागाची जुनी जाग आणि नंतरची पीछेहाट यांचा संबंध लष्कराचे दार बंद होण्याशी जोडला. २० मार्चला लोक चवदार तळ्यावर गेले. ज्या तालुक्याच्या बोर्डात बत्तीस वर्षांपूर्वी एका हवालदाराची खुर्ची खुपली होती, त्याच तालुक्याच्या गावचे हे तळे.

भरतीचे म्हणाल तर पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभारली गेली आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत ती मोडलीही. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात, दुसरे महायुद्ध चालू असताना.