प्रेमभंगाच्या गाण्यात आग का लागते?

अडेलच्या 'रोलिंग इन द डीप' या गाण्याचं नाव ऐकलं की डोळ्यांसमोर समुद्र येतो. खोल, काळं पाणी, त्यात गटांगळ्या खाणारी एक मुलगी आणि कुठेच न दिसणारा किनारा. छापील शब्दांत पहिल्याच कडव्यात जहाजाचा उल्लेख आहे, त्यामुळे हे चित्र आणखी पक्कं होतं. इंग्रजी उत्तम कळणारी माणसंसुद्धा हे गाणं बुडण्याचं गाणं म्हणून ऐकतात. आणि नवल असं, की हे नाव सुचलं तेव्हा अडेलच्या मनात समुद्र नव्हता. होता तो लंडनचा रस्ता.

लंडनच्या तरुण पोरांच्या बोलीत 'रोल डीप' म्हणजे एकट्यानं न फिरता मागे भरपूर माणसं घेऊन फिरणं. पूर्व लंडनच्या बो भागात वायली या रॅपरनं ग्राइम संगीताची जी चमू उभी केली, तिनं तर हेच नाव घेतलं होतं. अडेल १९८८ साली उत्तर लंडनमधल्या टॉटनहॅमला जन्मली. ही बोली तिला परकी नव्हती. तिनं मुलाखतीत नावाचा अर्थ उलगडून सांगितला आहे: आपल्या मागे सदैव कुणीतरी असणं, संकट आलं, मारामारीची वेळ आली, तरी धावून येईल असं माणूस असणं. इथे खोली पाण्याची नाहीच, माणसांची आहे. एका रांगेमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. आपल्याकडे अशा माणसाला पाठीराखा म्हणतात. या नात्यात आपल्याला जन्माचा पाठीराखा मिळाला असं तिला वाटत होतं, आणि तसं झालं नाही.

म्हणजे गाण्याच्या नावातच सगळी कैफियत आहे. प्रियकर गेला एवढंच दुःख नाही. रस्त्यावर भांडण झालं तर जो आपल्या बाजूनं उभा राहायचा, तोच भांडणात समोर उभा राहिला, हे दुःख आहे. नुसत्या विरहापेक्षा ते फार वेगळं आहे. बोलीतला अर्थ कळला की गाण्यातला राग एकदम समजू लागतो.

मग समुद्र ऐकणारे चुकले का? मला तसं वाटत नाही. बोलीतला शब्दप्रयोग जसाच्या तसा ठेवला असता तर तो लंडनबाहेर पोचलाच नसता. अडेलनं त्याला किंचित वाकवलं, क्रियापदाला चालू ठेवलं, 'डीप'ला जागेसारखं केलं, आणि रस्त्यावरची टोळी पाण्यात उतरली. पुढच्या कडव्यात खोली आणखी एकदा येते. तिथे ती निराशेची खोली आहे, आणि त्या तळाशी आता त्यानं राहावं असं गायिकेला वाटतं. चार मिनिटांच्या आत एकच खोली तीन प्रकारची होते: सोबतीची, बुडण्याची आणि शिक्षेची. रूपक किती कमी जागेत किती सामान वाहून नेतं, याचा याहून चांगला नमुना मला तरी ठाऊक नाही.

गाणं सुरू होतं ते मात्र आगीपासून. हृदयात आग लागलेली आहे, ती वाढत वाढत तापाच्या टोकाला पोचते, आणि मग ती आग जाळत नाही, उजेड पाडते. अंधारातून बाहेर आणते. उजेड पडल्यावर समोरचा माणूस स्फटिकासारखा स्वच्छ दिसतो, आणि दिसल्यावर त्याची लबाडीही दिसते. आग, ताप, उजेड, दृष्टी अशी ही साखळी आहे आणि तिची एकही कडी सुटी नाही. आगीला उष्णता असते तसा प्रकाशही असतो, या साध्या गोष्टीचा पुरेपूर वापर इथे केला आहे. रागानं माणूस आंधळा होतो असं आपण नेहमी म्हणतो. हे गाणं नेमकं उलट म्हणतं: रागामुळेच दिसायला लागलं. आणि हे ते पटवून देत बसत नाही. आग एकदा मान्य केली की उजेड आपोआप मान्य करावा लागतो.

रागाला आगच का? बर्फ का नाही, काटे का नाहीत? मराठीत तळपायाची आग मस्तकात जाते, अंगाचा तिळपापड होतो, माणूस धुमसतो, भडकतो. इंग्रजीत रक्त उकळतं. एकमेकांपासून लांबच्या भाषांमध्ये राग तापलेलाच असतो. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोघांनी १९८० साली एक पुस्तक लिहिलं आणि त्यात मांडलं, की रूपक हा कवींचा दागिना नाही, ती आपली विचार करण्याचीच रीत आहे. न दिसणाऱ्या गोष्टी आपण अंगाला जाणवणाऱ्या गोष्टींच्या आधारानंच समजून घेतो. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८३ साली, पॉल एकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात व्यावसायिक नट आणि काही शास्त्रज्ञ यांना वेगवेगळ्या भावना चेहऱ्यावर आणायला आणि जुने प्रसंग मनात पुन्हा जगायला सांगितलं होतं, आणि त्या वेळी त्यांच्या शरीरात काय होतं ते मोजलं होतं. राग आणि भीती या दोन्हींत हृदयाचे ठोके वाढले. पण बोटांचं तापमान रागात जास्त चढलं, भीतीत नाही. बोटांच्या टोकांपर्यंत खरोखरीची ऊब! तळपायाची आग ही नुसती अतिशयोक्ती नव्हे तर.

हृदयाचंही असंच. या गाण्याचा जन्म ठाऊक असला की ते जास्तच जाणवतं. प्रेमसंबंध नुकताच तुटलेला असताना अडेल निर्माता पॉल एपवर्थकडे स्टुडिओत गेली. तिला एक संथ, रडकं गाणं करायचं होतं. एपवर्थनं साफ नकार दिला. त्याला काहीतरी खवळलेलं हवं होतं. माझ्यावाचून तुझं आयुष्य कंटाळवाणं आणि एकाकी होईल अशा अर्थाचं काहीबाही त्या मुलानं तिला सुनावलं होतं, आणि ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. ती इतकी पेटलेली होती की गाण्याचा ठेका म्हणजे आपल्याच हृदयाचे ठोके होते, असं तिनं नंतर सांगितलं. छापील स्वरलिपीत या गाण्याची लय मिनिटाला सुमारे १०५ ठोके दिली आहे. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचं हृदय साधारण ६० ते १०० या बेतात चालतं. हे गाणं त्याच्या किंचित पुढे आहे: धावणाऱ्या माणसाचं नव्हे, संतापून बसलेल्या माणसाचं हृदय. कच्च्या ध्वनिमुद्रणातला तिचा आवाज अखेरच्या गाण्यातही ठेवला गेला. तो ताव पुन्हा जमला नसता, हे ऐकतानाच कळतं.

आता शब्दांकडे पाहा. ध्रुवपदात गायिकेचं हृदय त्याच्या हातात आहे आणि तो ते तालावर वाजवतो आहे. इंग्रजीत खेळणं आणि वाजवणं एकाच क्रियापदात बसतं, त्यामुळे भावनांशी खेळ हा झिजून गुळगुळीत झालेला वाक्प्रचार इथे अचानक जिवंत होतो. हृदयाचा ठोका, ढोलाचा ठोका आणि खेळकऱ्याचा हात यांची गाठ पडते. आणि हे शब्द येत असताना खाली ढोल खरोखर वाजत असतो, तोच, तिच्या हृदयावरून घेतलेला. जे सांगितलं जातंय तेच त्या क्षणी कानावर आदळतंय. छापलेल्या कवितेला हे साधत नाही, गाण्यालाच साधतं. सॅम ब्राऊननं दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओतही हे आहे: जमिनीवर पाण्यानं भरलेले असंख्य पेले मांडले आहेत आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला त्यांतलं पाणी थरथरतं. अडेल सबंध वेळ खुर्चीवर बसून आहे. हलतं ते पाणी.

हृदय 'तुटतं' याबद्दल वैद्यकशास्त्रातही एक चकित करणारं प्रकरण आहे. १९९० साली जपानमधल्या डॉक्टरांनी एका विकाराचं वर्णन केलं. अचानक मोठा मानसिक धक्का बसला की काही जणांच्या हृदयाचा डावा कप्पा फुगतो, छातीत कळ येते, आणि सगळी लक्षणं हृदयविकाराच्या झटक्यासारखी दिसतात. रक्तवाहिन्या मात्र तुंबलेल्या नसतात. फुगलेल्या कप्प्याचा आकार जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला जे मडकं वापरतात तसा दिसला, म्हणून त्याला त्या मडक्याचंच नाव मिळालं: ताकोत्सुबो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. आजार तुटलेल्या हृदयाचा, आणि त्याचं नाव ठेवतानाही डॉक्टरांना उपमाच लागली!

मनाची जखम आणि अंगाची जखम यांचं नातं मेंदूतही शोधलं गेलं आहे. २०११ साली ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी नुकताच प्रेमभंग झालेल्या ४० माणसांना सोडून गेलेल्या जोडीदाराचा फोटो दाखवला, आणि वेगळ्या वेळी त्यांच्या हाताला चटका बसेल इतपत उष्णता दिली. दोन्ही वेळी मेंदूचे काही तेच भाग जागे झाले, त्यात शरीराच्या संवेदनांचे भागही होते. ही बातमी जगभर 'मनाचं दुखणं म्हणजे शरीराचंच दुखणं' अशी पसरली. पण २०१४ साली अधिक बारकाईनं पाहणाऱ्या संशोधकांना आढळलं, की त्या सामाईक भागांतही दोन दुखण्यांचे नमुने वेगळे ओळखता येतात. मला ही दुसरी गोष्ट जास्त आवडते. दोन्ही दुखणी एकच असती तर रूपकाची गरजच पडली नसती. ती शेजारशेजारी आहेत, एक नाहीत, म्हणून तर एकीचे शब्द दुसरीला उसने घेता येतात. गाण्यातले प्रेमाचे व्रण असेच उसने आणलेले आहेत.

शब्द एक बोलतो आणि अर्थ दुसरीकडे पोचतो, याचा विचार आपल्या काव्यशास्त्रानं फार खोलवर केला. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' हे त्यातलं घासून घासून चकचकीत झालेलं उदाहरण. नदीच्या प्रवाहावर वस्ती कशी असेल? सरळ अर्थ अडतो, म्हणून मन काठावर जातं, ही लक्षणा. पण मग सरळ 'काठावर' का नाही म्हटलं? कारण 'गंगेवर' म्हटल्यानं तिचा गारवा आणि पावित्र्यही वस्तीला लागतं, ही व्यंजना. हृदयात आग हे असंच अडतं, मन रागाकडे वळतं, आणि आगीचा उजेड मागे शिल्लक राहतो.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' लिहिला तेव्हा सुरुवातीलाच एक उदाहरण घेतलं ते आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या, हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'मधलं. एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते, की आता खुशाल हिंडा, तुम्हाला त्रास देणारं ते कुत्रं गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहानं मारलं. शब्द म्हणतात 'या'. अर्थ आहे 'खबरदार, इकडे फिरकू नका', कारण ती झाडी तिच्या प्रियकराला भेटण्याची जागा आहे. वरवर निमंत्रण, आत मनाई. अडेलचं गाणं वरवर सगळी धमकी आहे. पेराल तसं उगवेल असंही ती बजावते. बायबलमधली ती म्हण मराठीतही जशीच्या तशी भेटते. पण ध्रुवपदात येतं ते 'आपल्याला सगळं मिळालं असतं' या जातीचं हळहळणं. धमकी देणाऱ्या माणसानं हळहळायचं नसतं. तिथे गाण्याचा खरा अर्थ फुटून बाहेर येतो: अजून तिला तो पाठीराखा हवाच आहे.

आणि त्याच ध्रुवपदात तिच्या आवाजामागून आणखी आवाज येतात. तुला पश्चात्ताप होईल, आपली भेटच झाली नसती तर बरं झालं असतं असं वाटेल, अशा आशयाचं ते बजावत राहतात. चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यात एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं अशी पद्धत असते, तीच ही. शब्द सांगतात की मागे कुणी उरलं नाही. ऐकू येतं ते असं, की एका आवाजामागे रांग उभी आहे. ज्या अर्थानं लंडनची पोरं हा शब्द वापरतात, नेमका तो अर्थ गाण्यानं शब्दांत गमावला आणि सुरांत मिळवला. हे मुद्दाम घडलं की आपसूक, त्यानं फरक पडत नाही.

२०१२ साली या गाण्याला ग्रॅमीचे 'रेकॉर्ड ऑफ द इयर' आणि 'साँग ऑफ द इयर' हे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. पण त्याचा सगळ्यात मर्मज्ञ श्रोता दोन वर्षांनी भेटला. २०१४ साली अरीथा फ्रँकलिननं हे गाणं आपल्या अल्बममध्ये गायलं. तेव्हा ती ७२ वर्षांची होती, आणि गॉस्पेल तर लहानपणापासून वडिलांच्या चर्चमध्ये तिच्या गळ्यात बसलेलं. तिनं अडेलच्या गाण्यात मध्येच दुसरं एक गाणं गुंफलं: निकोलस अॅशफर्ड आणि व्हॅलेरी सिम्पसन यांनी लिहिलेलं, १९६७ साली मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल यांनी गाजवलेलं 'एन्ट नो माउंटन हाय इनफ'. हाक मार, मी कुठूनही येईन, कुठलाच डोंगर इतका उंच नाही, असं वचन देणारं ते गाणं. अडेलला जे वचन मिळालं होतं असं वाटलं आणि जे मोडलं, ते अरीथानं शब्दशः आणून तिच्या खोलाशेजारी ठेवलं, उंचीच्या रूपात.