पाठीवरचा ड्रॅगन



गेल्या दिवाळींत माझा नातू दंडावर ड्रॅगन गोंदवून घरीं आला. त्याच्या आजीच्या हातावर लहानपणीं गोंदलेली तुळस अजून आहे; तरीहि दोन दिवस घरांत कोणी त्याच्याशीं धड बोलेना. मीं मात्र चष्मा लावून तें चित्र नीट पाहिलें. अंग सापासारखें लांब, पंख नाहींत, डोक्यावर हरणासारखीं शिंगें, पायांना तीन तीन नखें. म्हणजे रूप अस्सल जपानी. पण तोंडांतून आगीचा लोट निघत होता! जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्यामुळें चूक दिसली कीं माझें बोट तिकडे आपोआप जातें. या प्राण्याच्या तोंडांत आग आली कोठून, त्याची हकीकत आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

ती आग युरोपांतली. तिकडील ड्रॅगन हा अग्निमुख, कृपण आणि ठार मारण्याच्याच लायकीचा. 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यांतला ड्रॅगन पुरलेल्या धनावर बसलेला असतो. त्यांतला एक पेला चोरीस जातो तेव्हां तो सारा मुलूख जाळीत सुटतो, आणि म्हातारा राजा त्याला मारतां मारतां स्वतःहि मरतो. उत्तरेकडील कथांतला फाफ्निर असाच सोन्यावर लोळणारा. धनावर बसलेला भुजंग आपल्या आजीबाईंच्या गोष्टींतहि आहे. पण तो आग ओकीत नाहीं.

आपल्याकडे या जातीच्या प्राण्याचा संबंध पाण्याशीं. ऋग्वेदांतला वृत्र पाणी अडवून बसतो, आणि इंद्रानें वज्र हाणल्यावर तें वाहूं लागतें. बौद्ध कथांतले नागराज याच्या उलट, पाऊस देणारे आणि बुद्धावर फणा धरणारे. अजिंठ्याच्या १९ व्या लेण्याच्या बाहेर असा एक नागराजा राणीसह शांतपणें बसलेला आहे. बौद्ध ग्रंथ चीनमध्यें गेले तेव्हां भाषांतरकारांनीं 'नाग' या शब्दाला 'लुंग', म्हणजे चिनी ड्रॅगन, हाच शब्द योजला. हा लुंग पूर्वीपासूनच ढग, नद्या व पाऊस यांचा धनी. त्याला उंटाचें डोकें, हरणाचीं शिंगें, माशाचे खवले, गरुडाचीं नखें असा नऊ प्राण्यांचा उसना साज चिनी पंडितांनीं सांगितला आहे. हीं दोन्ही दैवतें एकरूप होऊन जपानांत पोंचलीं. तेव्हां नातवाच्या दंडावरील पाहुणा आमचा दूरचा नातलगच निघाला!

आतां हा पाण्याचा धनी माणसाच्या कातडीवर कां चढला? त्यासाठीं एदो शहरांत, म्हणजे पूर्वीच्या तोकियोंत, जावें लागेल. तेथील घरें लाकडाचीं आणि दारें कागदाचीं. १६५७ सालच्या आगींत अर्ध्याहून अधिक शहर बेचिराख झालें. मृतांचा आंकडा लाखापर्यंत सांगतात. पुढें १७२० च्या सुमारास गल्लोगल्लीं आग विझविणाऱ्या तुकड्या नेमल्या गेल्या, आणि त्यांना 'इरोहा' या जपानी वर्णमालेंतील अक्षरें नांवें म्हणून दिलीं गेलीं. त्यांत 'हि' हें अक्षर मात्र गाळलें, कारण जपानींत 'हि' म्हणजे आग. आग विझविणाऱ्यांनीं आगीचेंच नांव कसें मिरवावें!

या गड्यांजवळ पाणी फारसें नसे. आंकड्यांनीं ओढून आगीच्या वाटेंतलीं घरें पाडावयाचीं, म्हणजे तिला पुढें खावयास कांहीं मिळूं नये, हीच त्यांची युक्ति. निशाण घेतलेला गडी जवळच्या छपरावर चढून उभा राही आणि ज्वाळा अंगाशीं येईपर्यंत हलत नसे. त्यांचे जाड, गोधडीसारखे शिवलेले अंगरखे पाण्यांत भिजवून घालीत. अंगरख्याची बाहेरची बाजू साधी. आंतल्या बाजूस मात्र ड्रॅगन रंगविलेला असे. आग विझली म्हणजे अंगरखा उलटा करून तो ड्रॅगन लोकांना दाखवीत घरीं जावयाचें. अंगरखा जळूं शकतो, हरवूं शकतो. मग पाऊस पाडणाऱ्या त्या देवतेला पाठीच्या कातडीवरच बसवून घेतलें, तर त्यांत नवल काय? मला तर ही भाबडी समजूत वाटत नाहीं. ज्वाळांत शिरणाऱ्या माणसानें पाठीशीं घेतलेला तो सोबती आहे.

चित्र कसें असावें तें कुनियोशी नांवाच्या चित्रकारानें दाखविलें. १८२७ च्या सुमारास त्यानें एका चिनी कादंबरींतील एकशें आठ बंडखोर वीरांचीं चित्रें छापावयास आरंभ केला. त्यांतल्या शिशिनच्या अंगावर नऊ ड्रॅगन. मूळ कथेंत गोंदण थोड्याच वीरांना आहे, कुनियोशीनें तें पुष्कळांना चढविलें, आणि शहरांतले गडी तीं चित्रें घेऊन गोंदणाऱ्याकडे धांवले. कारागीर काठीच्या टोंकाला सुयांचा जुडगा बांधून हातानेंच शाई आंत घाली. सबंध पाठ भरावयास महिनेच्या महिने लागत. ड्रॅगनचें लांब अंग खांद्यावरून छातीकडे कसेंहि वळवितां येतें, आणि उरलेली जागा ढगांनीं व लाटांनीं भरतां येते; एवढी सोय वाघसिंहांत नाहीं. छातीच्या मधोमध एक उभी पट्टी मात्र कोरी ठेवीत, म्हणजे अंगरखा पुढें उघडला तरी आंतलें चित्र दिसूं नये.

त्याच शहरांत गुन्हेगारांच्या हातावर शिक्षा म्हणून पट्टेहि गोंदीत. मान आणि अपमान दोन्ही सुईनेंच! १८७२ सालीं सरकारनें गोंदणावर बंदी घातली, कारण परदेशी लोक आपणांस रानटी म्हणतील ही भीति. आणि परदेशी काय करीत होते? १८८१ सालीं इंग्लंडचा राजपुत्र जॉर्ज जपानांत उतरला आणि हातावर ड्रॅगन गोंदवून गेला. हाच पुढें पंचम जॉर्ज झाला. १९११ सालीं तो मुंबईस उतरला त्याची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभें आहे. दरबारी पोषाखाच्या बाहीखालीं तो ड्रॅगन तेव्हांहि होताच.

ती बंदी १९४८ सालीं उठली, पण पुढें गुंडांच्या टोळ्यांनीं आणि त्यांच्यावरील चित्रपटांनीं गोंदणाला नवा कलंक लावला. अंगावर गोंदण असलेल्यांना अनेक सार्वजनिक स्नानगृहांत आजहि प्रवेश मिळत नाहीं. पाण्याच्या देवतेला पाण्याचीच बंदी! ओसाकांतील एका गोंदणाऱ्यावर तर वैद्यकाचा परवाना नसतां सुई चालविली म्हणून खटला झाला. खालच्या कोर्टानें २०१७ सालीं त्याला दंड केला, वरच्या कोर्टानें सोडलें, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोंदणें हें वैद्यकीय काम नव्हे असा निर्णय कायम केला.

हें सारें मीं नातवाला सांगितलें. त्याला हें ठाऊक नव्हतें. दुकानांतल्या पुस्तकांत तें चित्र जसें होतें तसें त्यानें निवडलें होतें. ज्वाळा पुसतां येत नाहींत, पण त्यांवर काळे ढग चढवितां येतात, असें चौकशी करून तो सांगत होता. त्याची आजी इतका वेळ गप्प होती. तिनें एवढेंच विचारलें, "अरे, सुया पुन्हां तितक्याच टोंचतात का?"