गुडघाभर पाण्याचा हिशेब : मुळशीतील ओढे ओलांडण्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुख्य धारेला टेकलेला असून, या धारेवर पडणाऱ्या पावसाचे काही पाणी मुळा नदीवाटे पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाते, तर उरलेले कड्यांवरून थेट कोकणात कोसळते. पिंपरी गावापासून हिर्डीमार्गे भिऱ्याकडे उतरणारी अंधारबनाची वाट, ताम्हिणी घाटातील प्लस व्हॅली आणि पायथ्याजवळचे देवकुंड या ठिकाणी पावसाळ्यात जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि या सर्व वाटा कुठे ना कुठे ओढे छेदून जातात. भटकंतीतील धोका म्हटला की कडा, दरड किंवा साप यांचा विचार आधी होतो. ओढा मात्र वाटेतील किरकोळ अडथळा मानला जातो. या समजुतीमागे पाण्याविषयीचे काही ठरावीक गैरसमज असून त्यांची तपासणी पुढे केली आहे.

गैरसमज १ : पाणी गुडघ्याएवढेच असेल तर धोका नसतो.

वस्तुस्थिती : माणसाला पाडण्याचे काम खोलीपेक्षा वेग अधिक करतो. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो आणि वेग तिप्पट झाला की तो नऊपट होतो. ढोबळ हिशेब केल्यास, गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या दोन्ही पायांवर सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी सुमारे ८ किलो वजनाइतका रेटा देते; हाच रेटा २ मीटर वेगाला ३० किलोंच्या, तर ३ मीटर वेगाला ७० किलोंच्या आसपास जातो. या रेट्याला विरोध करते ते केवळ तळवा आणि खडक यांच्यातील घर्षण, आणि मुळशीच्या ओढ्यांचा तळ बहुतेक ठिकाणी शेवाळ धरलेल्या काळ्या कातळाचा असल्याने कोरड्या दगडावर मिळणाऱ्या पकडीचा लहानसा अंशच तेथे मिळतो. त्यातच पाणी कमरेपर्यंत आले की उत्प्लावनामुळे, म्हणजे पाणी शरीराला वर उचलत असल्यामुळे, पायांवर येणारे वजन सुमारे निम्मे होते आणि घर्षणही त्याच प्रमाणात घटते. एकीकडे रेटा वाढत असताना दुसरीकडे पकड सुटत जाते, असा हा दुहेरी तोटा आहे. वेग पाहण्याची साधी रीत अशी की प्रवाहात एक काटकी टाकावी आणि काठाने तिच्या बरोबरीने चालून पाहावे. भरभर चालूनही ती पुढे निघून जात असेल तर त्या पाण्यात पाय घालू नये.

गैरसमज २ : पाऊस पडत नसेल तर ओढा चढत नाही.

वस्तुस्थिती : ओढ्याची पातळी ठरते ती त्याच्या पाणलोट क्षेत्रावर, म्हणजे ज्या भूभागावर पडलेले पाणी वाहत त्या ओढ्यात येते त्या संपूर्ण क्षेत्रावर, पडणाऱ्या पावसावरून, ओलांडणाऱ्याच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसावरून नव्हे. सह्याद्रीच्या धारेवर कोसळणारा पाऊस काही किलोमीटर पूर्वेला झपाट्याने कमी होत जातो, त्यामुळे पूर्वेकडच्या पौडला आभाळ उघडलेले असताना ताम्हिणीला मुसळधार पाऊस सुरू असणे नेहमीचे आहे. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणी येथे ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि पुणे शहरात वर्षभरात सरासरी साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो हे लक्षात घेतले म्हणजे या एका दिवसाचे प्रमाण कळते. भारतीय हवामान विभाग २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाल्यास त्याला अतिमुसळधार म्हणतो. ताम्हिणीतील ती नोंद या मर्यादेच्या अडीचपटीहून अधिक होती.

हे पाणी ओढ्यात किती लवकर उतरते याचे उत्तर भूरचनेत आहे. घाटमाथ्यावरील बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण, पाणी फारसे मुरू देत नाही; त्यावरचा मातीचा थर पातळ असतो, तो जुलैपर्यंत पूर्ण भिजलेला असतो आणि उतारही तीव्र असतात. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५ कोटी लिटर पाणी साचते, आणि ते त्याच गतीने वाहून आले तर ओढ्यातून दर सेकंदाला सुमारे १४ टन पाणी जाऊ लागते. म्हणूनच घोटाभर ओढा अर्ध्या तासात छातीएवढा होणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणे, मघाशी दिसत असलेला दगड बुडणे आणि तळातून धोंडे गडगडल्याचा आवाज येणे ही पाणी चढत असल्याची लक्षणे होत. शेजारच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जणांचा मृत्यू झाला, तेव्हा ते सारे खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभे होते आणि चढत्या पाण्याने त्यांना काठापर्यंत येण्याइतकाही अवधी दिला नाही.

कोरड्या हवेत पाणी वाढण्याचे आणखी एक कारण या परिसरात आहे. मुळशी धरणाचे पाणी बोगदा आणि नळांवाटे घाटाखालच्या भिरा जलविद्युत केंद्रात नेले जाते आणि वीजनिर्मितीनंतर ते कुंडलिका नदीत सोडले जाते; कोलाडचे राफ्टिंग याच पाण्यावर चालते. त्यामुळे भिऱ्याखाली कुंडलिकेची पातळी आभाळावर नव्हे, तर विजेच्या वेळापत्रकावर हलते. धरणाच्या सांडव्यातून विसर्ग सुरू झाल्यावर खालच्या मुळा नदीचीही हीच गत होते.

गैरसमज ३ : पोहता येणाऱ्याला ओढ्याची भीती नाही.

वस्तुस्थिती : तलावात किंवा विहिरीत पोहणे आणि घाटातील लोंढ्यात तरंगत राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत. धबधब्याखाली किंवा बंधाऱ्याच्या पायथ्याशी पडणारे पाणी उलटे फिरून पुन्हा धारेखाली येत राहते आणि अशा आवर्तात सापडलेला निष्णात पोहणाराही तेथेच घुसळला जातो. शिवाय फेसाळलेल्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असल्याने शरीराला मिळणारा आधार कमी होतो. दुसरा धोका कपारींचा आहे. वाहत जाणारा माणूस घाबरून उभे राहण्याचा प्रयत्न करतो, त्याचा पाय दोन दगडांमध्ये अडकतो आणि मागून येणारा रेटा त्याला पुढे वाकवून पाण्याखाली दाबतो; कमरेपेक्षा उथळ पाण्यात बुडण्याच्या घटनांमागे हे एक प्रमुख कारण असते. तिसरा धोका आडव्या पडलेल्या झाडांचा असून, त्यांच्या फांद्यांतून पाणी गाळणीसारखे निघून जाते पण शरीर अडकून पडते. म्हणून वाहून जाण्याची वेळ आलीच तर उताणे होऊन पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने आणि पृष्ठभागाजवळ ठेवावेत, तिरके होत काठ गाठावा आणि पाणी अगदी उथळ होईपर्यंत उभे राहू नये. मात्र अंधारबनासारख्या वाटेवर काही ओढे ओलांडण्याच्या जागेपासून थोड्याच अंतरावर कड्यावरून खाली झेपावतात, आणि तेथे पोहण्याच्या कौशल्याला वावच उरत नाही.

गैरसमज ४ : कमरेला दोर बांधला की माणूस सुरक्षित होतो.

वस्तुस्थिती : कमरेला पक्का बांधलेला दोर प्रवाहात जीव घेऊ शकतो, कारण पाय सुटल्यावर दोर माणसाला एका जागी रोखून धरतो, पाणी वरून वाहत राहते आणि काठावरचे लोक जितके ओढतात तितका तो खाली दाबला जातो. प्रवाहातील बचावासाठी ताणाखालीही झटकन सोडता येणारे खास पट्टे, जीवरक्षक जाकीट आणि प्रशिक्षित पथक लागते. गिर्यारोहणाचा दोर जवळ असणे म्हणजे ही तयारी नव्हे. हातात हात घालून प्रवाहाला आडवी केलेली मानवी साखळीही अशीच फसवी असते, कारण एकाचा पाय घसरला की त्याचे वजन शेजाऱ्यावर येते. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात नद्या ओलांडताना इतके लोक बुडत असत की बुडून मरणाला त्या देशाचेच नाव पडले होते. तेथील भटक्यांना आज शिकवली जाते ती पद्धत निराळी आहे. तीत तिघे-चौघे खांद्याला खांदा भिडवून, एकमेकांच्या पाठीमागून हात घालून प्रवाहाला समांतर रांग करतात, सर्वांत दणकट व्यक्ती वरच्या टोकाला राहते आणि सगळे एकाच वेळी पलीकडच्या काठाकडे सरकतात, त्यामुळे पाण्याचा मुख्य मारा एकावरच येतो व इतरांना आडोसा मिळतो. ही पद्धतही मांडीपर्यंतच्या, बेताच्या वेगाच्या पाण्यापुरतीच आहे.

गैरसमज ५ : ओढा जेथे अरुंद असेल तेथे तो ओलांडणे सोपे असते.

वस्तुस्थिती : तेवढेच पाणी कमी रुंदीतून जायचे असेल तर ते अधिक खोल किंवा अधिक वेगवान व्हावेच लागते, त्यामुळे अरुंद घळ ही सहसा सर्वांत वाईट जागा असते. पात्र पसरट आणि पाणी उथळ असलेली, दोन्ही काठांवर चढता येण्याजोगी आणि खालच्या बाजूला धबधबा, डोह किंवा पडलेले झाड नसलेली जागा निवडावी. पादत्राणे काढू नयेत, कारण तळवा ठेचला की तोल जातो. सॅकचा छातीवरील पट्टा आधीच सोडावा, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवावी आणि एका वेळी एकच आधार हलवावा.

गैरसमज ६ : सकाळी ओलांडलेला ओढा परतताना अडवणार नाही.

वस्तुस्थिती : नदी पायी ओलांडता येईल अशा उथळ जागेला मराठीत ‘उतार’ म्हणतात, आणि चढलेले पाणी ओसरण्यालाही उतार हाच शब्द आहे. ओलांडण्याची सोय जागेइतकीच वेळेवरही अवलंबून असते, हे या शब्दातच आले आहे. सकाळी घोटाभर असलेला ओढा दुपारच्या सरीनंतर चढतो, आणि तोपर्यंत थकलेला, भिजलेला व अंधाराआधी घर गाठण्याची घाई झालेला गट ‘सकाळी तर इथूनच आलो’ या आठवणीवर विसंबून पाण्यात उतरतो. यासाठी निघण्यापूर्वी हवामान विभागाचा घाटमाथ्यासाठीचा इशारा पाहणे, लाल किंवा नारिंगी इशारा असल्यास बेत रद्द करणे, वनविभागाने वाट बंद ठेवली असल्यास ते पाळणे, गावातील माणसांना वरच्या पावसाविषयी विचारणे आणि दोन ओढ्यांच्या मध्ये अडकल्यास पुरेल एवढे खाणे, कोरडे कपडे व विजेरी बरोबर ठेवणे आवश्यक ठरते. अडकल्यावर काठापासून उंच जागी थांबावे आणि संपर्क होत असल्यास ११२ या क्रमांकावर कळवावे.

या सर्व गैरसमजांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती म्हणजे ओढा ओलांडणे ही ताकदीची किंवा धाडसाची बाब आहे. प्रत्यक्षात लहान पाणलोट क्षेत्राचा डोंगरी ओढा जितक्या लवकर चढतो जवळपास तितक्याच लवकर पाऊस थांबल्यावर उतरतो, आणि मोठ्या नदीला दिवस लागतात तेथे त्याला बहुधा काही तास पुरतात. तेवढा वेळ काठावर बसून काढणे किंवा आल्या वाटेने मागे फिरणे हे चढलेल्या पाण्यावरचे सर्वांत खात्रीचे तंत्र आहे, आणि त्यासाठी कोणतेही साधन लागत नाही.