व्हॅलहाइमचा स्वतःचा सर्व्हर: उभारणी आणि अपडेट

मित्रांसोबत व्हॅलहाइम खेळताय? मग डेडिकेटेड सर्व्हर उभाराच! होस्ट ऑफलाइन असला तरी बाकीच्यांचा खेळ थांबत नाही.

🔹 व्हॉल्व्हचं स्टीमसीएमडी हे मोफत टूल घ्या. आधी इन्स्टॉलचं फोल्डर ठरवा, मग 'अ‍ॅनॉनिमस' लॉगिन करा आणि अ‍ॅप आयडी ८९६६६० डाउनलोड करा. सर्व्हरसाठी गेम वेगळा विकत घ्यावा लागत नाही.

🔹 स्टार्ट स्क्रिप्टची कॉपी करून त्यातच नाव, वर्ल्ड आणि पासवर्ड भरा. मूळ फाइल अपडेटमध्ये पुसली जाऊ शकते. पासवर्ड किमान ५ अक्षरांचा हवा, आणि तो सर्व्हरच्या नावात येता कामा नये.

🔹 राउटरवर यूडीपी पोर्ट २४५६ आणि २४५७ उघडा.

🔹 गेम अपडेट झाला की सर्व्हरही करावा लागतो. व्हर्जन जुळलं नाही तर आत शिरताच येत नाही. सर्व्हर कंट्रोल-सी दाबून नीट बंद करा, म्हणजे वर्ल्ड सेव्ह होतं. मग डाउनलोडचीच कमांड 'व्हॅलिडेट' जोडून पुन्हा चालवा.

⚠️ अपडेटआधी वर्ल्डच्या डीबी आणि एफडब्ल्यूएल या दोन्ही फाइल्सचा बॅकअप घ्याच. सर्व्हर पुन्हा टाकता येतो, सगळ्यांनी मिळून बांधलेली वस्ती बॅकअपशिवाय परत मिळत नाही.

काही अडलं तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा!