शब्द आठवत नाही तेव्हा

काही मुलांना वस्तू ओळखता येते, तिचा उपयोगही ठाऊक असतो, पण नेमक्या वेळी नाव तोंडात येत नाही. असे मूल ‘ते, ते’ म्हणत हाताने खूण करते, सुपाला टोपली म्हणते किंवा बोलणेच टाळते. याचा अर्थ त्याला बुद्धी कमी आहे असा मुळीच नाही.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ही अडचण ओळखताना फार जपावे लागते. घरात वारली, कोकणा, ठाकूर किंवा कातकरी बोली, तर शाळेत पुस्तकी मराठी. आजीशी भडाभडा बोलणारे मूल वर्गात गप्प राहिले, तर ते बहुधा नव्या भाषेला बुजलेले असते. खरी अडचण घरच्या बोलीतही दिसते. म्हणून आईला किंवा आजीला विचारल्याशिवाय कोणत्याही मुलावर शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

आधी कान तपासायला हवेत. वारंवार कान वाहिल्याने ऐकणे मंदावते आणि शब्द अर्धवटच पोचतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. गरज पडल्यास मुलाला पुढे पाठवले जाते. मुंबईत वांद्र्याला वाचा व श्रवणदोषांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मात्र मजुरी बुडवून तिथे वारंवार जाणे पाड्यावरच्या कुटुंबाला जड जाते.

त्यामुळे रोजचा सराव घरीच व्हायला हवा, आणि तो घरच्या बोलीत. नागली पाखडताना मुलाला ‘सूप’ आठवत नसेल, तर लगेच उत्तर सांगू नये. थोडे थांबावे. मग ‘आपण याने काय करतो? कशाचं बनवलंय? कुठे टांगतो?’ असे विचारावे. तरी अडले, तर ‘सू…’ एवढाच पहिला आवाज द्यावा. शब्द सापडला की तो वाक्यात घालून पुन्हा म्हणावा: ‘हो, सुपात नागली पाखडतो.’ चुकले म्हणून हसू नये, दहा वेळा घोकूनही घेऊ नये. तोच शब्द शेतावर, चुलीपाशी, बाजारात पुन्हा भेटला की पक्का होतो.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि तपासणीचा धागा तुटतो. निघताना तपासणीची चिठ्ठी सोबत घ्यावी आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत दाखवावी.