ग्वाल्हेरच्या नाल्यातून बंगालच्या उपसागरात

समुद्राच्या प्रदूषणाचा विषय निघाला की ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून एक उत्तर हमखास येतं: ‘ते मुंबईवाल्यांनी बघावं. आपल्याकडे कुठाय समुद्र?’ शाळेत नद्यांचे नकाशे भरून मार्क मिळवलेली माणसंच हे बोलतात, म्हणून जास्त चीड येते.

तो नकाशा पुन्हा उघडू या. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. त्याच भागातून सिमेंटने बांधून काढलेला काळा प्रवाह जातो आणि आपण तो नाकाला रुमाल लावून ओलांडतो. तो नाला नाही, ती स्वर्णरेखा नदी आहे. तिचं पाणी मुरार नदीतून पुढे वैशालीत आणि वैशालीतून सिंधेत जातं (मध्य प्रदेशातली सिंध, सिंधू नव्हे). सिंध पचनदापाशी यमुनेला मिळते, यमुना प्रयागराजला गंगेला आणि गंगा बंगालच्या उपसागराला. तिघरा धरण ज्या सांक नदीवर आहे, तिचंही पाणी आसन, कुंवारी करत शेवटी सिंधेतच येतं. लष्कर असो की मुरार, इथून वाहून जाणाऱ्या पाण्याला दुसरी वाटच नाही.

नकाशा दाखवला की पुढचं उत्तर तयार असतं: ‘एवढ्या लांब पोचेपर्यंत सगळं शुद्ध होतं हो, वाहतं पाणी ते!’ यात थोडं तथ्य आहे. वाहत्या पाण्यात मैला कुजतो, रोगजंतू बरेचसे मरतात. पण सांडपाण्यातला आणि खतांतला नायट्रोजन-फॉस्फरस नुसत्या अंतराने संपत नाही. अमेरिकेतलं आयोवा राज्य समुद्रापासून हजार किलोमीटरहून जास्त आत आहे. तिथल्या मक्याच्या शेतांतलं खत मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात उतरतं, शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि दर उन्हाळ्यात हजारो चौरस किलोमीटरचा पट्टा माशांना जगण्यालायक राहत नाही. 2017 साली हा पट्टा 22,720 चौरस किलोमीटर भरला होता. आयोवाच्या शेतकऱ्यालाही अंगणातून समुद्र दिसत नाही.

आपल्या गंगेचीही मोजणी झालेली आहे. 2019 मध्ये एका आंतरराष्ट्रीय पथकाने हिमालयातल्या हर्सिलपासून बांगलादेशातल्या भोलापर्यंत 10 ठिकाणी, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याचे नमुने घेतले. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना मिळून रोज 1 ते 3 अब्ज सूक्ष्म प्लास्टिककण समुद्रात सोडत असाव्यात. सापडलेल्या कणांपैकी 90 टक्क्यांहून अधिक धागे होते, त्यात रेयॉन आणि अ‍ॅक्रिलिक सर्वांत जास्त. म्हणजे पिशव्या-बाटल्यांइतकाच आपल्या कपड्यांचा विचार करायला हवा. ग्वाल्हेरच्या थंडीत घरोघरी निघणारे अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर आणि शाली धुतल्या की बारीक धागे सुटतात, ते मोरीतून गटारात आणि गटारातून नाल्यात. मशीन पूर्ण भरून, थंड पाण्यात, कमी वेळाच्या सायकलवर लावलं तर धागे कमी सुटतात, आणि विजेचं बिलही कमी येतं.

मात्र दौलतगंजात फेकलेलं प्रत्येक वेष्टन समुद्र गाठतं, असंही कुणी सांगू नये. बरंचसं प्लास्टिक वाटेतच काठाला, गाळात, बंधाऱ्यांत अडकून तिथेच झिजतं. 2017 च्या एका अभ्यासाने ‘दहा नद्याच नव्वद टक्के प्लास्टिक नेतात’ हा समज पसरवला होता. 2021 च्या अधिक बारकाईच्या अभ्यासाने तो खोडला: नद्यांतून जाणाऱ्या प्लास्टिकचा 80 टक्के वाटा हजाराहून जास्त नद्यांमध्ये विभागलेला आहे, आणि त्यांत शहरांतल्या लहान नद्यांचा भाग मोठा आहे.

बाकीचे समज थोडक्यात. पॅसिफिकमध्ये कचऱ्याचं बेट आहे, चालता येईल असं: नाही, विरळ पसरलेले तुकडे आहेत आणि वजनाने जवळपास निम्मा भाग मासेमारीच्या जाळ्यांचा आहे. ‘विघटनशील’ लिहिलेली पिशवी निर्धोक: प्लिमथ विद्यापीठात तशी पिशवी तीन वर्षं माती-समुद्रात राहूनही सामान उचलत होती. मूर्ती सागरतालात विसर्जित केली की विरघळते: शाडूची विरघळते, प्लास्टर ऑफ पॅरिसची नाही.

आता उपाय. सर्वांत मोठा उपाय किनाऱ्यावरच्या झाडलोटीत नाही, आपल्या शहराच्या सांडपाण्यात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं 20,236. उरलेलं जवळच्या नदीत. त्यामुळे आपल्या गल्लीचं गटार शुद्धीकरण केंद्राच्या लाइनला जोडलंय की थेट स्वर्णरेखेत सुटतंय, हा प्रश्न आपल्या पार्षदांना विचारायचाच. आणि पावसाळ्याआधी नाला साफ झाला की उपसलेला गाळ, त्यातल्या पिशव्या-पाउचांसकट, काठावर सोडून दिलाय का तेही बघायचं. जूनअखेरची एक जोराची सर तो सगळा ढीग परत पाण्यात लोटते.